टीईटी सक्ती: वीस वर्षं शिकवणाऱ्या शिक्षकाची नोकरी नेमकी कोणत्या कायद्यावर उभी आहे?

लोणावळ्याहून पवना धरणाकडे निघालं की औंढे गाव लागतं. शनिवार-रविवारी इथून पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. सोमवारी सकाळी मात्र मावळातल्या अशा गावांमध्ये वेगळीच लगबग असते. प्रार्थना, हजेरी, पोषण आहार, पहिलीपासूनचे वर्ग आणि ते सांभाळणारे मोजके शिक्षक.

समजा, अशाच एका जिल्हा परिषद शाळेत एक गुरुजी आहेत. २००४ साली शिक्षण सेवक म्हणून लागले, पुढे कायम झाले. डी.एड. झालेलं, सेवापुस्तक स्वच्छ, निवृत्ती २०४० मध्ये. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि या गुरुजींसमोर एक तारीख येऊन उभी राहिली. सप्टेंबर २०२७ पर्यंत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा.

हे गुरुजी काल्पनिक आहेत, पण अशा स्थितीत असलेले शिक्षक राज्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. स्टाफ रूममध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून एकच चर्चा सुरू आहे. 'आम्हाला लागू होतं का? कोर्टात जाता येईल का? कुठल्या कोर्टात?'

या प्रश्नांची उत्तरं एका कायद्यात मिळत नाहीत. हा वाद नोकरीचा आहे, शिक्षणाचा आहे आणि सरकारने दिलेल्या शब्दाचाही आहे. म्हणूनच तो समजून घ्यायला हवा, तुम्ही शिक्षक असा किंवा पालक.

निकाल नेमका काय आहे?

अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे या प्रकरणाचं नाव. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या अध्यक्षतेखालील द्विसदस्यीय खंडपीठाने तो निकाल दिला. न्या. दत्ता हे २०२० ते २०२२ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून आलेली अपिलं न्यायालयाने एकत्र ऐकली होती.

निकालातले मुद्दे असे:

• पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू आहे.

• ज्यांची निवृत्तीपर्यंत पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केलं जाईल. पात्र सेवा पूर्ण असेल तर निवृत्तीचे लाभ मिळतील.

• ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा राहिली आहे, ते टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत काम करू शकतात. पण त्यांना पदोन्नती हवी असेल, तर टीईटी लागेलच.

• अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आला आहे. त्याचा निर्णय होईपर्यंत या शाळांना ही सक्ती नाही.

शेवटचा मुद्दा जरा सोडवून सांगायला हवा. २०१४ साली 'प्रमती' प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटलं होतं की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. २०२५ च्या खंडपीठाला ते पटलं नाही. पण दोन न्यायमूर्ती पाच न्यायमूर्तींचा निकाल बदलू शकत नाहीत, म्हणून प्रश्न वर पाठवला गेला.

मग आपल्या गुरुजींचं काय?

गुरुजी २०४० मध्ये निवृत्त होणार. म्हणजे निकालाच्या दिवशी त्यांची जवळपास १५ वर्षं शिल्लक होती. त्यांना परीक्षा द्यावीच लागेल.

त्याच शाळेतल्या मुख्याध्यापक बाई २०२९ मध्ये निवृत्त होणार असतील, तर त्यांची नोकरी सुरक्षित आहे. मात्र केंद्रप्रमुख होण्याची इच्छा असेल तर त्यांनाही टीईटीचा फॉर्म भरावा लागेल.

तिसरे सर टीईटी पास होऊनच नोकरीला लागले. त्यांच्यावर काहीच परिणाम नाही.

आणि जवळच्या हायस्कूलमध्ये फक्त नववी-दहावीला शिकवणारे शिक्षक? शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. त्यामुळे हा निकाल त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

पण आधी सूट दिली होती ना?

शिक्षकांच्या रागाचं मूळ इथे आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. कलम २३ नुसार शिक्षकांची किमान पात्रता ठरवण्याचं काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आलं. २३ ऑगस्ट २०१० रोजी तिने अधिसूचना काढली आणि टीईटी बंधनकारक केली. त्याच अधिसूचनेत एक सवलतही होती. या तारखेआधी नियमांनुसार नेमणूक झालेल्या शिक्षकांना नवी किमान पात्रता मिळवण्याची गरज नाही, असं त्यात लिहिलं होतं.

महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने टीईटी सक्तीची केली. राज्यातली पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. म्हणजे २००४ मध्ये लागलेल्या गुरुजींच्या नेमणुकीच्या वेळी ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती.

पण कायद्यात दुसरीही एक वाट होती. कलम २३ मध्येच असं म्हटलं होतं की कायदा लागू होताना ज्या शिक्षकांकडे किमान पात्रता नाही, त्यांनी ती पाच वर्षांत मिळवावी. २०१७ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ही मुदत वाढवली. ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्यांना आणखी चार वर्षं दिली गेली.

म्हणजे एकीकडे कायदा म्हणतो 'पात्रता मिळवा' आणि दुसरीकडे अधिसूचना म्हणते 'जुन्यांना गरज नाही'. शिक्षकांनी अधिसूचनेवर विश्वास ठेवला. खातंही त्याच समजुतीने चाललं. न्यायालयाने मात्र कायद्याच्या बाजूने कौल दिला.

त्याच वेळी निकालात जुन्या शिक्षकांबद्दल सहानुभूतीही आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं पुढे चमकलीच नाहीत असं नाही आणि केवळ या कारणावरून त्यांना काढणं जरा कठोर होईल, असं न्यायालयाने नमूद केलं. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालचा विशेष अधिकार वापरून दोन वर्षांची मुदत आणि पाच वर्षांची सवलत देण्यात आली.

एका वादात तीन कायदे कसे?

इंग्लंडमध्ये अनेक बॅरिस्टर आपल्या कामाची ओळख करून देताना तीन विषय एकत्र सांगतात: नोकरी, शिक्षण आणि पब्लिक लॉ, म्हणजे सरकारी सत्तेला नियमात ठेवणारा कायदा. तिथे शिक्षकाला कामावरून काढलं तर प्रकरण एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये जातं. सरकारी निर्णयालाच आव्हान द्यायचं असेल तर हायकोर्ट गाठावं लागतं.

भारतात १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर सगळे वकील 'ॲडव्होकेट' झाले. पण तीन विषयांची ही मोट इथेही तशीच बांधलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयात शिक्षकांची प्रकरणं लढणाऱ्या वकिलाला सेवानियम, शिक्षण कायदे आणि संविधान, तिन्ही कोळून प्यावे लागतात. कारण शिक्षकाची नोकरी हा फक्त मालक आणि नोकर यांच्यातला करार नसतो. वर्गात बसलेलं मूल हा त्यातला तिसरा पक्ष असतो.

हा फरक न्यायालयांनी फार पूर्वीच ओळखला होता. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिका ए. सुंदरम्बल यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १९८८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतले 'कामगार' नाहीत. त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराला मोकळा असलेला लेबर कोर्टाचा रस्ता शिक्षकाला बंद झाला. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था असायला हवी, असंही त्या निकालात सुचवलं होतं.

महाराष्ट्रात ती व्यवस्था त्याआधीच झाली होती, पण सगळ्या शिक्षकांसाठी नाही.

कुणी कुठलं दार ठोठवायचं?

हे शाळा कुणाची आहे यावर ठरतं.

*जिल्हा परिषद शाळा:* गुरुजींची नेमणूक पुणे जिल्हा परिषदेची. रोजचा संबंध वडगाव मावळच्या पंचायत समितीत बसणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्यांशी. शिस्तभंगाची कारवाई झाली तर १९६४ च्या जिल्हा परिषद सेवा नियमांखाली अपील करता येतं. पण मुद्दा शासन निर्णयाचा किंवा धोरणाचा असेल तर अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 'मॅट' हे न्यायाधिकरण आहे, पण जिल्हा परिषदेचे शिक्षक तिथे जात नाहीत.

आता हे उच्च न्यायालय कुठलं? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. पुणे जिल्हा त्यात नाही. म्हणजे मावळातल्या शिक्षकाची याचिका आजही मुंबईलाच दाखल होते. लोणावळ्याहून मुंबईची गाडी सोपी आहे, पण प्रत्येक तारखेला एक रजा जाते आणि त्या दिवशी वर्ग कुणी सांभाळायचा हा प्रश्न उरतोच.

*खासगी शाळा:* इथे १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा लागू होतो. सगळे त्याला 'एमईपीएस' म्हणतात. संस्थेने बडतर्फ केलं, पदावनत केलं किंवा पदोन्नतीत डावललं तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुदत फक्त ३० दिवसांची आहे. 'संस्थाचालकांशी बोलून बघू' म्हणत महिना निघून जातो आणि मग उशीर का झाला हे पटवून देण्यातच शक्ती खर्च होते.

*नियमांचं संरक्षण नसलेली नोकरी:* इथे सगळ्यात अवघड आहे. २०२२ मध्ये सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खासगी संस्था शिक्षणाचं सार्वजनिक काम करते, एवढ्याने तिच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला रिट याचिका करता येत नाही. नोकरीच्या अटी कायद्याने बांधलेल्या नसतील तर तो खासगी कराराचा वाद ठरतो.

एकाच गावात राहणाऱ्या, एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या तीन शिक्षकांना तीन वेगळी दारं आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारा 'सर्व शिक्षकांसाठी महत्त्वाचा मेसेज' अनेकदा चुकीचा ठरतो तो यामुळेच.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर?

२०२४ मधलं एक प्रकरण इथे आठवायला हवं. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने आरटीईच्या नियमात बदल केला. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांमधून सूट मिळणार होती. पालक उच्च न्यायालयात गेले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. संसदेच्या कायद्याने दिलेला मुलांचा हक्क राज्याला नियम करून काढून घेता येत नाही, हा त्याचा गाभा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

तेव्हा अनेकांनी या निकालाचं स्वागत केलं. पण टीईटी प्रकरणातही जवळपास हेच तत्त्व उभं आहे. मूळ कायदा वर, त्याखाली निघालेली सवलत खाली. पहिल्या वेळी या तत्त्वाने गरीब मुलाला शाळेचं दार उघडून दिलं. दुसऱ्या वेळी त्याच तत्त्वाने जुन्या शिक्षकाला दाराशी आणून उभं केलं.

मुलाला पात्र शिक्षक मिळणं हा त्याच्या हक्काचा भाग आहे, यात वाद नाही. पण मुलाला शिक्षक मिळणं हाही हक्कच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर किमान दोन शिक्षक हवेत. डोंगराळ भागातल्या छोट्या शाळा याच दोन शिक्षकांवर चालतात. त्यातले एक २०२७ मध्ये बाहेर पडले आणि त्यांच्या जागी वेळेत कुणी आलं नाही, तर पाच इयत्ता एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतील. पात्रतेसाठी दिलेल्या निकालाचा असा शेवट झाला तर नुकसान त्या मुलांचंच होईल.

परीक्षा किती अवघड आहे?

टीईटीचे दोन पेपर असतात. पहिली ते पाचवीसाठी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पेपर १ मध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत, राखीव गटांना ५५ टक्के. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. आधी ते सात वर्षांसाठीच असायचं. केंद्राची सीटीईटीही चालते.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही वीस वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसणं सोपं नाही. त्यात जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण ही कामं शिक्षकाच्या पाठीमागे असतातच.

आणखी एक सल आहे. २०१९-२० च्या टीईटीत गुणांची फेरफार झाल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात उघड झालं. पुढे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. ज्या परीक्षेची विश्वासार्हता सांभाळणं व्यवस्थेला जमलं नाही, तिच्यावर आमची गुणवत्ता का ठरवता, हा शिक्षकांचा सवाल त्यामुळे अधिक टोकदार होतो.

निकालानंतरची राज्याची टीईटी २३ नोव्हेंबर २०२५ रोजी झाली. ५ डिसेंबर २०२५ रोजी शिक्षक संघटनांनी शाळा बंद आंदोलनाची हाक दिली. टीईटी सक्तीबरोबरच संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेत किती शिक्षकपदं मंजूर करायची याच्या निकषांवरही त्यांचा आक्षेप होता.

आता पुढे कोणते रस्ते आहेत?

पहिला रस्ता पुनर्विचार याचिकेचा. उत्तर प्रदेश सरकारने निकालानंतर काही दिवसांतच तो धरायचं ठरवलं. पण पुनर्विचारात नव्याने सगळा युक्तिवाद होत नाही. निकालात उघड चूक दाखवावी लागते.

दुसरा रस्ता संसदेचा. २०१० पूर्वीच्या शिक्षकांना कायद्यातच सूट दिली तर प्रश्न मुळातून सुटतो. शिक्षण हा समवर्ती सूचीतला विषय असला तरी कलम २३ केंद्रीय कायद्यात आहे. त्यामुळे फक्त शासन निर्णय काढून राज्य सरकारला ही सूट देता येणार नाही. '२५ टक्के' प्रकरणाने तो धडा आधीच दिला आहे.

तिसरा रस्ता राज्याच्या हातात आहे. टीईटी वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा घेणं, सेवेतल्या शिक्षकांना अभ्यासासाठी रजा आणि मार्गदर्शन देणं, मुदतीआधी रिक्त होणाऱ्या जागांचा अंदाज घेऊन भरती सुरू करणं. यातल्या कशालाच न्यायालयाची मनाई नाही.

शिक्षकांनी सध्या काय करावं?

• निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात तपासा. १ सप्टेंबर २०२५ ला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली होती की कमी, यावर सगळं अवलंबून आहे.

• मूळ नेमणूक आदेश, मान्यता आदेश आणि शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या प्रती स्वतःकडे ठेवा.

• पुनर्विचाराची वाट पाहत परीक्षेचा फॉर्म चुकवू नका. परीक्षा दिल्याने कायदेशीर हक्क सोडल्यासारखं होत नाही.

• लेखी आदेश हातात आला तर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. खासगी शाळेत असाल तर ३० दिवस लक्षात ठेवा.

• संघटनेच्या एकत्रित याचिकेत नाव देण्याआधी ती तुमच्या प्रकारच्या शाळेसाठी आहे का, हे विचारा.

गुरुजींनी २००४ मध्ये जे नियम होते ते सगळे पूर्ण केले होते. २०१० मध्ये सरकारने त्यांना सांगितलं की नवीन परीक्षा तुम्हाला नाही. तो शब्द कायद्यात बसत नव्हता, तर ती चूक सरकारची होती. तिची किंमत मात्र गुरुजींच्या पगारातून आणि मुलांच्या वर्गातून वसूल होण्याची वेळ आली आहे. सप्टेंबर २०२७ पर्यंतचे दिवस शिक्षक अभ्यासात घालवतीलच. सरकार त्या दिवसांत काय करतं, यावर औंढ्यासारख्या गावांतल्या वर्गात त्यानंतर शिकवायला कोण असेल, हे ठरणार आहे.